सोमवारचं ग्रीस

माझ्या हातून आयुष्यात एकच गोष्ट गरजेपेक्षा जास्त झाली, ती म्हणजे ग्रीस. बाकी सगळं बेताचंच. शाळा बेताची, पगार बेताचा, आणि बोलणं तर त्याहून बेताचं. बोलणं जरा सढळ असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

मी विल्फ ओल्डरॉइड. यॉर्कशायरमधल्या आमच्या गावच्या विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या तळघरात, चौतीस वर्षं मदतनीस होतो. साहेब लोकांनी डोकं चालवायचं आणि आम्ही पंप चालवायचा, अशी वाटणी होती. काचेच्या नळ्या, काचेच्या तोट्या, पारा, पंपाचं तेल, सगळं माझ्या ताब्यात. शोध लागला तर तो साहेबांचा, काच फुटली तर ती विल्फची.

एनिड क्रॅबट्री आमच्याकडे आल्या त्या अठ्ठावन्न सालच्या ऑक्टोबरात. वय अडतीस. बारा वर्षं मुलींच्या शाळेत शिकवून, तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळवून डॉक्टरेट करायला आल्या होत्या. घरी एकटी म्हातारी आई, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. बाकीची संशोधक पोरं बावीस-तेवीसची. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाईंचं नाव 'मावशी' ठेवलं. बाईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी घरचा आल्याचा केक टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या रे, मावशीकडचा खाऊ आहे. दात असतील तर खा." नाव राहिलं, पण त्यातला टोमणा गेला.

त्यांचं काम मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. एक पांढरं मीठ असतं, त्यात क्लोराइड असतो. त्या मिठावर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सोडला की मीठ तो गिळतं आणि तापतं. आत काय होतं, तर वायूबरोबर आलेला हायड्रोजन दोन क्लोरिनांच्या मधोमध जाऊन बसतो. एक क्लोरिन त्याला घेऊन आलेला, दुसरा मिठातला. दोघंही त्याला सोडत नाहीत. बाई म्हणायच्या, जत्रेत आईनं एक हात धरावा, बापानं दुसरा, आणि पोर मधे लोंबकळावं, तसं. फ्लोरिनच्या जोडीची पकड सगळ्यांत घट्ट, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. क्लोरिनच्या जोडीची पकड किती, यावरून मात्र शहाण्या लोकांची जुंपली होती. बाईंना ती मोजायची होती. मिठानं किती वायू गिळला आणि किती उष्णता बाहेर पडली, असे दोन आकडे काढायचे आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं.

वायू मोजायचा तो दाबावरून. आधी किती होता, नंतर किती उरला. जो उरला नाही तो मिठानं गिळला, असं धरायचं. मेख आहे ती या 'असं धरायचं'मध्ये. म्हणून काम सुरू करण्याआधी एक रिकामी खेप करतात. मीठ घालायचंच नाही, नुसता वायू सोडायचा आणि दाब उतरतो का बघत बसायचं. बाईंनी पहिल्याच महिन्यात ती केली. दिवसभर पाऱ्याकडे बघत बसल्या. पारा हलला नाही. नळ्या प्रामाणिक ठरल्या, आणि मी वहीत सही केली.

दर सोमवारी सकाळी तोट्यांना ग्रीस लावायचं, हे माझं काम. बारा तोट्या. तोटीत फिरणारी काचेची चावी काढायची, जुनं पुसायचं, दोन बारीक रेघा ओढायच्या, चावी बसवून फिरवायची, काच आरपार दिसली की झालं. ज्या म्हाताऱ्या काचकाऱ्यानं मला हे शिकवलं तो म्हणायचा, "ग्रीस लोण्यासारखं लावावं, पण गरिबाच्या पावावर लावतात तसं." ग्रीस हा वायू पितं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. तळघरात सगळ्यांनाच ठाऊक असतं. थोडं पितं, म्हणून तर थोडं लावायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात फार थंडी पडली. तळघरात बोटं आखडायची. बाईंची तर थंडीनं सुजून लाल झाली होती. एक तोटी घट्ट झाली, बाईंनी जोर लावला, आणि चावी मुळापासून तुटली. आत हवा शिरली. तीन आठवडे वाया गेले. तोटी तुटली तेव्हा बाई रडल्या नाहीत. खाली वाकून तुकडे गोळा करायला गेल्या, आणि बोटांत तुकडा धरवेना, तेव्हा रडल्या.

"बघा हो विल्फ," त्यांनी हात पुढे केले, "गाजरं झालीत नुसती. या हातांनी काय मोजणार मी, कपाळ?"

मला राहवलं नाही. पुढच्या सोमवारी मी प्रत्येक चावीला बोटभर ग्रीस थापलं.

"काय केलंत काय तुम्ही?" बाई तोटी फिरवून बघत म्हणाल्या. "एका बोटानं फिरतेय!"

"हातगुण आहे बाई."

"मग तो हात असाच राहू दे. सोमवारी आजारी पडलात तर बघा."

मी सोमवारी कधीच आजारी पडलो नाही. त्यांनी तोटी फिरवून माझ्याकडे बघून हसावं, एवढ्यासाठी मी कधी बोटभर लावलं, कधी दोन बोटं. खरं सांगतो, आठवडाभरात माझं कौतुक करणारं ते एकच माणूस होतं.

आणि कामानं वेग घेतला. खेपांवर खेपा. आकडा एकसारखा येऊ लागला, आणि तो इतरांच्या आकड्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. म्हणजे क्लोरिनची पकड लोक समजतात त्याहून बरीच ढिली. बाईंचे मार्गदर्शक प्रोफेसर गार्साइड यांना आनंद मावेना, कारण त्यांचा सिद्धान्त नेमकं हेच सांगत होता. साहेब एरवी तळघरात उतरायचे ते नाताळच्या आधी हात मिळवायला. त्या वर्षी दोनदा उतरले. त्यांनी एका नियतकालिकाला पत्र लिहिलं, आधी स्वतःचं नाव, मग बाईंचं. ते छापून आलं आणि त्याच्या जोरावर बाईंना स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळाली. ऑक्टोबरात रुजू व्हायचं, अट एकच, डॉक्टरेट. बाईंच्या आईनं ते नेमणुकीचं पत्र चार वेळा वाचून घेतलं आणि उशीखाली ठेवलं.

एकसष्टच्या जूनमध्ये प्रबंध बांधून आला. तोंडी परीक्षा गुरुवारी ठरली. आदल्या शनिवारी मी नळ्या उतरवायला घेतल्या, कारण सोमवारनंतर ती जागा नव्या संशोधकाला द्यायची होती. बाईंनी साहेबांच्या सांगण्यावरून आठवड्यापूर्वीच एक शेवटची खेप केली होती. बाहेर भुरभुर पाऊस, तळघरात ओल. मी पहिली चावी ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्या ग्रीसमधून पांढऱ्या धुराची एक रेघ निघाली.

मी मग फळीवरून अमोनियाची बाटली काढली आणि तिचं बूच चावीजवळ नेलं. हा वायू कुठे आहे हे बघायची ती सगळ्यांत सोपी रीत, शाळेतल्या मुलांनासुद्धा येते. बुचाभोवती दाट पांढरा धूर झाला. दुसरी चावी काढली, तिथेही धूर. बाराच्या बारा चाव्या काढल्या, बारा वेळा धूर.

मिठानं गिळला म्हणून जो वायू बाईंनी मोजला, त्यातला कितीतरी माझ्या ग्रीसनं प्यायला होता. मीठ तापत होतं ते आपल्या वाट्यापुरतंच. भागाकार चुकला होता. पकड ढिली नव्हतीच.

घरी नेलीला सांगितलं. माझी बायको कपड्यांना इस्त्री करत होती, तिनं मान वर केली नाही.

"धुऊन टाक चाव्या. पेट्रोलमध्ये बुडव, पूस आणि गप्प बस."

"अगं, पण आकडा खोटा आहे ना."

"त्या आकड्यावर पूल बांधणारेत का कुणी? पडणारे का कुणाच्या डोक्यावर? एका बाईला आयुष्यात एकदा चांगली नोकरी लागतेय, तिथे तू माती कालव."

"त्यांना सांगायला नको?"

"सांगून तू मोकळा होशील रे. तिनं काय करायचं?"

मी सोमवारी बाईंना सांगितलं ते खरेपणानं सांगितलं, की मनावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायला सांगितलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. मग स्वतः बूच हातात घेऊन एकेक चावी बघितली. बाराही.

"कधीपासून?"

"ती तोटी तुटली तेव्हापासून."

"दर सोमवारी सारखंच लावत होतात?"

"नाही. कधी बोटभर, कधी दोन. तुमचे हात जास्त दुखत असले की जास्त."

"म्हणजे वजाही करता येणार नाही." त्या स्टुलावर बसल्या. "आणि मी रिकामी खेप परत केली नाही. अडीच वर्षांत एकदाही नाही. शाळेत मुलींना ओरडायचे मी, रिकामी खेप, रिकामी खेप म्हणून."

मग त्यांना काहीतरी आठवलं. कपाटातून पहिल्या वर्षाची जुनी वही काढली, पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवून हसायला लागल्या. हसणं थांबेना. मला भीती वाटली.

"काय झालं बाई?"

"या बघा, पहिल्या हिवाळ्यातल्या अकरा खेपा. तुमचं ग्रीस गरिबाचं होतं तेव्हाच्या. आकडा बघा. जगाचा आकडा आहे तोच. बरोबर आकडा, विल्फ! माझ्या हातात होता. नंतरच्या खेपांशी जुळेना, म्हणून मीच त्यावर लिहिलंय, हात बसलेला नव्हता, वगळावे."

त्याच दुपारी त्या वर साहेबांकडे गेल्या. मला म्हणाल्या, चाव्यांचा डबा घेऊन चला. तोट्यांच्या ग्रीसनं वायू प्यायला, एवढंच त्यांनी सांगितलं. कुणी लावलं ते सांगितलं नाही, आणि तळघरात कोण काय करतं हे साहेबांना कधीच ठाऊक नव्हतं.

साहेबांनी पाइप पेटवला. "मिस क्रॅबट्री, मी काहीही ऐकलेलं नाही. परीक्षक ट्रेमलेट दक्षिणेतून येणार, त्यांना पाचची गाडी गाठायची असते. दीड तासात आटपेल. परीक्षेआधी सगळ्यांनाच असली स्वप्नं पडतात."

"हे स्वप्न डब्यात आहे सर. दाखवू?"

"नको." साहेब माझ्याकडे वळले. "काय रे, अजून धुतल्या नाहीस या?"

"नाही साहेब."

"मग कशाची वाट बघतोयस?"

"राहू द्यात त्या," बाई म्हणाल्या. आणि डबा माझ्या हातातून स्वतःकडे घेतला.

मधले दोन दिवस मी त्यांना म्हणालो, बाई, गप्प राहा. हो, मीच म्हणालो. ज्यानं सांगितलं त्यानंच. बाई म्हणाल्या, "स्कॉटलंडमध्ये पहिल्याच दिवशी कुणी विचारलं, ही पकड किती हो, तर मी फळ्यावर काय लिहू?"

गुरुवारी दोन वाजता परीक्षा सुरू झाली आणि सव्वादोनला तिघंही जिना उतरून तळघरात आले. पुढे डॉक्टर ट्रेमलेट, बुटके, सभ्य, हातात टोपी. मागे साहेब, चेहरा दगडासारखा. बाईंनी डबा उघडून बुचानं धूर दाखवला. ट्रेमलेटनी स्वतः दुसरी चावी उचलली, बोटानं ग्रीस खरवडून बघितलं.

"अरेरे. हे इतकं कुणी लावलं? एवढं तर मी पावाला लावत नाही."

मी चार पावलांवर होतो. हातात पुसायचं फडकं. माझी तेव्हा एकवीस वर्षं भरली होती, पेन्शनला तेरा उरली होती, आणि याहून कमी चुकीसाठी वरच्या मजल्यावरच्या एका मदतनिसाला घरी बसवलेलं मी बघितलं होतं. हे सगळं मला तेव्हा सुचलं असं नाही. तेव्हा काहीच सुचलं नाही. तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं.

"मी लावलं," बाई म्हणाल्या. "माझ्या नळ्या, माझं ग्रीस."

मी तोंड मिटलं.

ट्रेमलेटनी चावी परत डब्यात ठेवली. मग ते म्हणाले, "बाई, तुम्ही हे दाखवलं नसतंत तर मला कळलं नसतं. पण आता दाखवलंत. जो प्रबंध लिहिणारीच खोटा म्हणते, तो मी खरा कसा म्हणू? वर्षभर घ्या, खेपा पुन्हा करा, परत या. मी आनंदानं येईन."

"जागा सोमवारपासून दुसऱ्याला दिलेली आहे," साहेब म्हणाले. "शिष्यवृत्तीही संपली."

"आणि त्या अकरा खेपा?" बाईंनी विचारलं.

"अकरा खेपांची डॉक्टरेट होत नाही हो," ट्रेमलेट म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. त्यांनी घड्याळ बघितलं. त्या दिवशी त्यांना तीनची गाडी मिळाली.

संध्याकाळी बाई सामान आवरायला आल्या. एक कप, एक लोकरी शाल, तळघरात घालायच्या जाड सपाता. मी पिशवी धरून उभा होतो.

"तुम्ही लावलं म्हणून का सांगितलंत?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर माझा आकडा बरोबर झाला असता का?"

"नाही."

"मग?" त्यांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली. मग तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, "आईला काय सांगू, विल्फ? ते पत्र ती उशीखालून काढून हातानं चाचपते. अक्षर दिसत नाही तिला. शिक्का कुठे आहे ते चाचपते."

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या. "तोट्या मात्र छान फिरायच्या हो," म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला सोसला असता.

साहेबांनी नियतकालिकात चार ओळी छापून आकडा मागे घेतला, 'विद्यार्थिनीच्या हयगयीमुळे' असं लिहून, बाईंचं पूर्ण नाव घालून. ते मी कापून ठेवलं आहे. बाईंची जुनी शाळेतली जागा कधीच भरली होती. त्यांना समुद्राकाठच्या एका लहान शाळेत काम मिळालं, तिथे रसायनशास्त्र नव्हतंच, गणित आणि शिवण शिकवायचं होतं. आई पुढच्याच हिवाळ्यात गेली. मी दोनदा पत्र लिहिलं. पहिलं फाडलं. दुसऱ्यात काय लिहिलं, तर मी पाळलेल्या कबुतरांना पिल्लं झाली. नाताळला त्यांचं कार्ड आलं, खाली नुसतं नाव. पुढच्या वर्षी आलं नाही.

साहेबांनी सिद्धान्त बदलला. त्याला कुणी हयगय म्हटलं नाही. चौऱ्याहत्तर साली मी निवृत्त झालो. तोवर तोट्याही बदलल्या होत्या, ग्रीस न लागणाऱ्या आल्या होत्या. निरोपाचा चहा वरच्या मोठ्या खोलीत ठेवला होता, तीसेक माणसं होती, नेली नवा कोट घालून पुढच्या रांगेत बसली होती. बोलायला उठले ते गार्साइड साहेबच. केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

"विल्फबद्दल मी एकच सांगतो," साहेब म्हणाले. "चौतीस वर्षांत या माणसाच्या हाताखालची एकही तोटी कधी अडली नाही."

टाळ्या पडल्या. मला घड्याळ दिलं. मग मागून पोरं ओरडायला लागली, "बोल विल्फ! दोन शब्द बोल!" मी उभा राहिलो. तेरा वर्षं घशात बसलेलं पहिल्यांदा जिभेवर आलं. 'अडली होती साहेब, एक,' एवढंच म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. पेन्शनही आता कुणी काढून घेणार नव्हतं. भिण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. नेली माझ्याकडे बघत होती आणि तिनं हळूच मान खाली घातली.

"आभारी आहे," मी म्हणालो. "चहा घ्या सगळ्यांनी, गार होतोय."

आणि खाली बसलो.